‘ससाणा’ म्हणजे नेमका कोण? बारामती-इंदापूरच्या माळावरचे पाच पक्षी आणि नोंदीचा प्रश्न

१/ बारामती आणि इंदापूर तालुक्यांच्या माळावर हिवाळ्यात एखादा टोकदार पंखांचा शिकारी पक्षी वेगाने निघून गेला की पाहणारा म्हणतो, ‘ससाणा गेला.’ वाक्य खोटे नाही. पण पुरावा म्हणून ते जवळजवळ निरुपयोगी आहे. या एका शब्दाआड येथे पाच वेगळे पक्षी उभे आहेत. त्यांतला एक उत्तर ध्रुवाजवळच्या प्रदेशातून येतो, तर एक याच कोरड्या मैदानात जन्मतो आणि येथेच आयुष्य काढतो. एकाची संख्या जगात सावरली आहे, दुसरा विरळ होत चालला आहे. पिसांवरून त्यांना वेगळे ओळखणे हा हौशी मंडळींचा खेळ नसून इतिहासाच्या साधनांचा प्रश्न आहे, हे या धाग्याचे प्रतिपादन आहे.

२/ प्रथम प्रदेश पाहू. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला हा पुणे जिल्ह्याचा आग्नेय भाग. उत्तरेला भीमा, दक्षिणेला नीरा, मधून कऱ्हा. आणि इंदापूर तालुक्याच्या टोकाला नरसिंहपूर येथे नीरा-भीमेचा संगम. पाऊस कमी, माती पुष्कळ ठिकाणी उथळ, झाडे विरळ. सुपे, शिरसुफळ, कडबनवाडी येथील गवताळ माळ चिंकारा, लांडगा आणि खोकड यांच्यासाठी ओळखले जातात. सुप्याजवळचे मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम पाच चौरस किलोमीटरचे. याच प्रदेशाच्या उत्तर कडेला १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाचे पाणी पसरले आहे. भिगवण, कुंभारगाव, डाळज, पळसदेव ही गावे आज पाणपक्ष्यांमुळे सर्वपरिचित झाली आहेत.

३/ माळ आणि पाणी अशा या दोन भूमी एकमेकींना खेटून आहेत, पण त्यांचे शिकारी वेगळे आहेत. उजनीच्या फुगवट्यावर हिवाळ्यात बदके व चिखलपायवाटांवरचे पाणपक्षी थव्यांनी उतरतात. त्यांच्यामागे बहिरी ससाणा येतो. माळावर सरडे, उंदीर, चंडोल यांच्यावर लग्गड ससाणा जगतो. धरणाने एकाचे ताट वाढले. माळ आक्रसला तसे दुसऱ्याचे ताट रिकामे होत गेले. नोंद करणाऱ्याने दोघांनाही ‘ससाणा’ म्हटले, तर बेरीज तीच राहील आणि एक पक्षी नाहीसा झाल्याचे कोणाच्याही लक्षात येणार नाही. सारा वाद या बेरजेबद्दल आहे.

४/ आता पक्षी एकेक करून पाहू. लग्गड हा भारतीय उपखंडातील कोरड्या, उघड्या प्रदेशाचा रहिवासी. प्रौढ पक्ष्याचा माथा फिकट तांबूस, कपाळ व भुवई पांढरट, पाठ राखी-तपकिरी. डोळ्याखालून गालावर उतरणारी काळी रेघ, जिला मिशी म्हणतात, ती बारीक असते. छाती पांढरी, तिच्यावर मोजकेच ठिपके वा रेषा; मात्र कुशी आणि मांड्या गडद. पांढऱ्या छातीखाली तपकिरी विजार घातल्यासारखा हा पक्षी दिसतो. बारीक मिशी, तांबूस माथा आणि गडद मांड्या ही तीन लक्षणे एकत्र दिसली तर शंकेला फारशी जागा उरत नाही.

५/ पण तोच लग्गड पहिल्या वर्षी अगदी निराळा असतो. कोवळ्या पक्ष्याची छाती-पोट जवळजवळ संपूर्ण गडद तपकिरी, गळा तेवढा फिकट आणि पाय पिवळे नसून निळसर राखी. प्रौढ लग्गडाचे चित्र मनात ठेवून पाहणाऱ्याला हा दुसराच पक्षी वाटतो. वायव्येकडून क्वचित येणाऱ्या चरग ससाण्याशी त्याची गल्लत होते, ती बहुधा या वयात. चरग आकाराने मोठा, फिकट डोक्याचा आणि जगभर संकटग्रस्त. त्यामुळे ‘चरग दिसला’ ही बातमी मोहक ठरते. आणि मोहक बातमीची छाननी अधिक कठोर व्हायला हवी, हा नियम येथेही लागू पडतो.

६/ बहिरी ससाणा उत्तरेकडच्या टुंड्रा प्रदेशात वीण करून हिवाळ्यात येथे उतरतो. प्रौढाची पाठ पाटीसारखी निळसर करडी, खालची बाजू पांढरट आणि तिच्यावर आडव्या काळ्या पट्ट्या. मिशी रुंद व ठळक असते, आणि तिच्यामागे गालाचा पांढरा भाग स्वच्छ दिसतो. कोवळ्या बहिरीची पाठ तपकिरी असते आणि छातीवर आडव्या पट्ट्यांऐवजी उभ्या रेषा असतात. उभ्या रेषा की आडव्या पट्ट्या, एवढ्या एका प्रश्नाने पक्ष्याचे वय कळते. बारीक मिशी म्हणजे लग्गड, रुंद मिशी म्हणजे बहिरी, ही पहिली ढोबळ कसोटी. तिच्यावर मात्र एकटीवर विसंबू नये.

७/ शाहीन हा सह्याद्रीच्या उभ्या कड्यांचा पक्षी. किल्ल्यांच्या तटांवरून तो अनेकांनी पाहिलेला असतो, मैदानात तो तुलनेने कमी दिसतो. त्याचे डोके शिरस्त्राण घातल्यासारखे काळे. मिशी आणि गाल यांच्यामधली पांढरी फट जवळजवळ मिटलेली. छाती-पोट तांबूस विटकरी. शास्त्र त्याला बहिरीचीच उपजात मानते. म्हणजे हिशेब असा की पक्षी पाच, जाती चार. पण शाहीन स्थानिक आणि बहिरी पाहुणा असल्यामुळे नोंदीत दोघांना वेगळे ठेवणे आवश्यक आहे. कड्यावरच्या रहिवाशाची सुखदुःखे टुंड्रातून येणाऱ्या पाहुण्याच्या खात्यावर मांडता येत नाहीत.

८/ तुरुमती, म्हणजे लाल डोक्याचा ससाणा, आकाराने लहान. माथा व मानेची मागची बाजू तांबडी, पाठ निळसर राखी, पोटावर बारीक आडव्या रेषा, राखी शेपटीच्या टोकाशी एक रुंद काळी पट्टी. नर-मादी जोडीने शिकार करतात: एक पाखराला हुसकावतो, दुसरा अडवतो. कावळ्याची जुनी घरटी ती वापरतात. म्हणजे माळाच्या कडेचे एखाददुसरे बाभळीचे किंवा लिंबाचे झाड तुटले, तर त्याबरोबर तुरुमतीची वीणही तुटते. भिगवण परिसरातील छायाचित्रकारांना हा पक्षी चांगला परिचित आहे.

९/ पाचवी खरूची. हवेत एका जागी पंख फडफडवत स्थिर राहण्याच्या सवयीमुळे ती दुरूनही ओळखू येते. नराचे डोके व शेपटी राखी, पाठ विटकरी, तिच्यावर काळे ठिपके. मादी सर्वांगाने विटकरी व पट्टेरी. येथे ती बहुतांशी हिवाळी पाहुणी. याशिवाय शिक्रा, कापशी आणि भोवत्या यांनाही लोक सहज ससाणा म्हणतात. पण ते ससाणे नव्हेत. कापशीही हवेत थबकते, मात्र तिचा रंग पांढरा-राखी व डोळे लाल. भोवत्या गवताला जवळजवळ लागून, पंख किंचित वर उचलून तरंगत जातो.

१०/ या वर्णनांतून एक पद्धत निघते. आधी वय ठरवावे, मग जमल्यास नर की मादी, आणि शेवटी जात. उलट क्रमाने गेले की चूक होते. जुने पत्र हाती आले तर अभ्यासक आधी कागद, शाई, वळण व कालगणना पाहतो, मजकुराचा अर्थ नंतर लावतो. हा क्रम तसाच आहे. पिसेही झिजतात, उन्हाने विटतात, झडून नवी येतात. फेब्रुवारीतला पक्षी ऑक्टोबरमधल्या पक्ष्यासारखा दिसत नाही. म्हणून एका लक्षणावर निकाल देणे म्हणजे एका शब्दावरून बखरीचा काळ ठरवण्यासारखे होय.

११/ ही विवेकदृष्टी इंग्रजांच्या ग्रंथांबरोबर आली, असा समज आहे. तो टिकत नाही. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात रचलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात राजाच्या विनोदांमध्ये ‘श्येनविनोद’ हा स्वतंत्र विषय आहे. पुढे सोळाव्या शतकात कुमाऊँच्या रुद्रदेवाने याच विद्येवर ‘श्यैनिकशास्त्र’ लिहिले. हरप्रसाद शास्त्री यांनी ते १९१० मध्ये संपादित करून छापले. शिकारी पक्षी पाळायचा, तर तो कोणता, किती वयाचा आणि कोणत्या सावजासाठी, हे जाणल्याशिवाय पाऊल टाकता येत नसे. चूक झाली तर पक्षी मरे, किंवा सुटून जाई.

१२/ फारसी-हिंदुस्थानी परंपरेतील मीरशिकारांनी या पक्ष्यांचे दोन वर्ग केले होते: काळ्या डोळ्यांचे ‘स्याहचश्म’ आणि पिवळसर-लाल डोळ्यांचे ‘गुलाबचश्म’. बहिरी, शाहीन, लग्गड, चरग, तुरुमती हे पहिल्या वर्गात; बाज, शिक्रा हे दुसऱ्या वर्गात. दोन्ही वर्गांना शिकवण्याची व उडवण्याची रीत वेगळी. पहिल्या वर्गातले पक्षी उंचावरून झेपावतात, दुसऱ्या वर्गातले हातावरून सुटून जवळचे सावज धरतात. युरोपातील ग्रंथकारांनी मात्र वाकडी चोच आणि तीक्ष्ण नखे पाहून या सर्वांना दीर्घकाळ एकाच मोठ्या कुटुंबात बसवले.

१३/ २००८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात पक्ष्यांच्या जनुकीय नात्यांविषयीचा एक व्यापक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातून दिसले की ससाणे हे बाज, घार, गरुड यांचे जवळचे नातलग नाहीत. ते पोपट आणि गाणाऱ्या लहान पक्ष्यांना अधिक जवळचे आहेत. शिकारीच्या गरजेतून दोघांची शरीरे सारखी घडली, वंश मात्र निराळे राहिले. मीरशिकारांना वंशशास्त्र ठाऊक नव्हते, हे खरे. तरी डोळ्यांच्या रंगावरून त्यांनी ओढलेली रेघ नेमकी त्याच जागी होती. हातावर पक्षी बाळगणाऱ्यांच्या ज्ञानाला ‘लोकसमजूत’ म्हणून बाजूला सारणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

१४/ त्यांच्या नावांची रीतही निराळी होती. ससाण्यांत मादी नराहून मोठी व बलवान. म्हणून मुख्य नाव मादीचे आणि नराला वेगळे नाव. लगड ही मादी, झगड हा तिचा नर. बाज ही मादी, जुर्रा हा नर. शिक्रा ही मादी, चिपक हा नर. १८३४ मध्ये जॉन एडवर्ड ग्रे याने लग्गडाला ‘फाल्को जगर’ असे शास्त्रीय नाव दिले, तेव्हा नराचे देशी नाव सगळ्या जातीला चिकटले. जुन्या कागदांत दोन नावे आढळली म्हणून दोन जाती होत्या असे समजणे, किंवा एक नाव आढळले म्हणून एकच पक्षी होता असे मानणे, दोन्ही घाईचे ठरते.

१५/ ‘बहिरी’ हा शब्दही असाच फसवा. मराठी कानाला तो ऐकू न येणाऱ्या स्त्रीचा वाचक वाटतो, आणि या पक्ष्याला ऐकू येत नाही अशी समजूत त्यातून सहज तयार होते. मुळात हा शब्द अरबी ‘बह्र’ म्हणजे समुद्र, त्यापासून आलेला ‘बहरी’, म्हणजे समुद्राकडचा. किनारे, नद्या, तळी यांच्या आश्रयाने उतरणाऱ्या पाहुण्याला हे नाव शोभून दिसते. उजनीच्या पाण्यावर तो आज ज्या कारणाने येतो, तेच कारण त्याच्या नावात शेकडो वर्षांपूर्वी नोंदवले गेले होते. मराठीत येताना अर्थ गळला आणि नाव उरले.

१६/ चित्रे या बाबतीत लिखित मजकुरापेक्षा बोलकी ठरतात. विजापूरचा दुसरा इब्राहिम आदिलशाह घोड्यावर बसून हातावर शिकारी पक्षी घेऊन निघाल्याचे सोळाव्या शतकाच्या अखेरचे चित्र आज सेंट पीटर्सबर्गमध्ये आहे. इराणच्या शाह अब्बासकडून भेट आलेला ससाणा मेला, तेव्हा जहांगीराने १६१९ च्या सुमारास त्याच्या पिसांवरच्या काळ्या खुणांची आपल्या आठवणींत दखल घेतली आणि उस्ताद मन्सूरकडून त्याचे चित्र काढवून घेतले. पिसांची खूण उतरली की शतकांनंतरही जातीची चर्चा करता येते. आपल्या ऐतिहासिक कादंबऱ्यांत मात्र जो तो ‘बहिरी ससाण्यासारखा’ झडप घालतो. तेथे पक्षी उरत नाही, उपमा उरते.

१७/ एकोणिसाव्या शतकात नोंदीचे स्वरूप बदलले. मुंबई सरकारचा सांख्यिकी अधिकारी म्हणून विल्यम हेन्री साइक्स याने १८२४ पासून दख्खनमध्ये भ्रमंती केली आणि १८३२ मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेच्या कार्यवृत्तात दख्खनच्या पक्ष्यांची यादी प्रसिद्ध केली. दोनशेहून अधिक जातींची ती यादी आजही आधारभूत आहे. तिचे मोल एका साध्या गोष्टीत आहे: तिच्यामागे नमुने होते, आणि त्यामुळे प्रत्येक नाव पुन्हा तपासता येत होते. तपासता येईल असे नाव आणि ऐकीव नाव यांतला फरक येथे प्रथमच या प्रदेशाच्या पक्ष्यांना लागू झाला.

१८/ त्यानंतर तीनच वर्षांनी, १८३५ मध्ये, इंदापूर तालुक्यात दुसरे एक वर्गीकरण सुरू झाले. प्रिंगल याची आधीची सारापद्धती कोलमडल्यावर गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी येथे नव्याने मोजणी हाती घेतली. जमिनीचा रंग, पोत आणि खोली पाहून शेतांची प्रतवारी ठरली. पुढे १८४७ च्या संयुक्त अहवालात या पद्धतीला नियमबद्ध रूप आले. मुंबई इलाख्याच्या रयतवारी मोजणीचा पाया असा इंदापुरात घातला गेला. काळी, तांबडी, बरड अशी माती वेगळी ओळखणे हा राज्याच्या उत्पन्नाचा प्रश्न होता. म्हणून त्यासाठी नऊ प्रती, कारकून आणि नकाशे उपलब्ध झाले.

१९/ त्याच मोजणीत गवताचे काय झाले? पिकाखालच्या मातीला नऊ प्रती मिळाल्या. गवताळ माळाला मात्र ‘पडीक’, ‘पोटखराबा’, ‘गायरान’ असे शेष राहिलेल्या वस्तूचे शब्द मिळाले. सारा जेथून येत नाही तेथे भेद पाहण्याचे कारण राज्याला नव्हते. कागदावरच्या प्रतवारीचे परिणाम किती खोल जातात, हे याच टापूने अनुभवले आहे. १८६७ मध्ये इंदापूरच्या सारादरांची फेरआकारणी झाली. १२ मे १८७५ रोजी सुप्यातून दख्खनचा उठाव सुरू झाला आणि सावकारांचे कर्जरोखे जळाले. त्याच्या कारणांच्या चर्चेत वाढीव साऱ्याचा उल्लेख आजही होतो. माळाच्या नावाने मात्र असा उठाव झाला नाही. ‘पडीक’ हा शब्द तसाच राहिला.

२०/ हाच एकशब्दी न्याय माणसांनाही लागला. माळावरचे पक्षी सर्वांत बारकाईने ओळखणाऱ्यांत पारधी होते. फासे, जाळी आणि पाखरांच्या सवयी हे त्यांचे पिढीजात ज्ञान. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने आणि त्याच्या पुढच्या रूपांनी अशा अनेक समाजांवर जन्मतःच एक शिक्का मारला. तो १९५२ मध्ये कायद्याने उतरला, समाजाच्या मनातून पूर्ण उतरलेला नाही. परिणाम असा की ज्यांच्या डोळ्यांत सर्वाधिक भेद साठवलेले होते, त्यांची साक्ष कोणत्याही यादीत नावानिशी आली नाही. पक्ष्यांच्या जुन्या यादीतील हे मौन वाचल्याशिवाय ती यादी पूर्ण वाचली असे म्हणता येत नाही.

२१/ स्वतंत्र भारताच्या कायद्यातही नावाची गुंतागुंत आहे. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत दीर्घकाळ ‘मोठे ससाणे’ अशी एकच नोंद होती आणि तिच्यापुढे तीन शास्त्रीय नावे: पेरेग्रिनस, बायार्मिकस व चिक्वेरा. यांतली चिक्वेरा म्हणजे तुरुमती. ती मोठी नाही. बायार्मिकस म्हणजे युरोप-आफ्रिकेतील लॅनर ससाणा. सालीम अली व रिप्ले यांच्या तत्कालीन वर्गीकरणात लग्गड त्याची उपजात मानला जाई, म्हणून हे नाव आले. लग्गडाचे स्वतःचे नाव त्या ओळीत नव्हतेच. २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूचींची पुनर्रचना केली; तोपर्यंत हा पक्षी दुसऱ्याच्या नावाखाली संरक्षित होता.

२२/ नेमक्या नोंदीने काय साधते, याचे उत्तम उदाहरण ब्रिटनमधले. तेथे बहिरी ससाणे झपाट्याने कमी होऊ लागले, तेव्हा डेरेक रॅटक्लिफ याने संग्रहांतील जुनी अंडी तपासली. प्रत्येक अंड्यावर जात, ठिकाण आणि वर्ष लिहिलेले होते. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वर्षांपासून कवच पातळ होत गेल्याचे त्यातून उघड झाले, आणि १९६७ मध्ये ‘नेचर’मध्ये ते प्रसिद्ध झाले. डीडीटीसारख्या कीटकनाशकांचा दोष सिद्ध होण्यास या पुराव्याचा मोठा आधार मिळाला. त्या अंड्यांवर नुसते ‘ससाणा’ लिहिलेले असते, तर हा निष्कर्ष निघाला नसता. चिठ्ठ्या लिहिणाऱ्यांना भविष्यातला प्रश्न ठाऊक नव्हता. त्यांनी फक्त नाव नीट लिहिले.

२३/ आजची स्थिती पाहावी. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत बहिरी ससाण्याला तातडीचा धोका नाही. लग्गड आणि तुरुमती मात्र ‘संकटसमीप’ गटात आहेत, आणि चरग ‘संकटग्रस्त’. ऑगस्ट २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतातील पक्ष्यांच्या स्थिती-अहवालात सुमारे ३० हजार निरीक्षकांच्या तीन कोटी नोंदींवरून ९४२ जातींचा आढावा घेतला गेला. गवताळ व उघड्या अधिवासांतील पक्षी आणि शिकारी पक्षी यांची घट त्यात ठळकपणे पुढे आली. या नोंदी सामान्य लोकांनी केलेल्या आहेत. त्यांची किंमत त्यांतील नावांच्या अचूकपणाएवढीच आहे.

२४/ यावर एक आक्षेप गंभीरपणे घेण्याजोगा आहे: नावांचा खटाटोप कशाला? अधिवास वाचवा, सर्व ससाणे आपोआप वाचतील. पण कोणता अधिवास? पाणथळ जागेची काळजी घेतली तर बहिरीला लाभ होईल. त्याने लग्गडाचे काही साधणार नाही. माळाला ‘पडीक’ समजून त्यावर दाट वृक्षलागवड केली, तर हिरवाई वाढल्याचे समाधान मिळेल आणि उघड्यावर शिकार करणारा पक्षी निघून जाईल. १८८० च्या दशकात नीरा डावा कालवा आला, ऊस आला, बागायत वाढली. त्याने या भागातील माणसांचे जिणे सुसह्य केले, हे नाकारण्याचे कारण नाही. पण त्या बदलाची किंमत कोणत्या पक्ष्याने मोजली, हे सांगण्यासाठी पक्ष्याचे नाव लागते.

२५/ दुसरा आक्षेप नव्या काळाचा: आता छायाचित्र काढले की मोबाइल नाव सांगतो. मदत म्हणून हे साधन चांगले. निवाडा म्हणून धोक्याचे. कोवळा लग्गड, झिजलेल्या पिसांचा पक्षी, पाठमोरे उड्डाण, संध्याकाळचा तांबूस प्रकाश, अशा ठिकाणी यंत्रही चुकते आणि माणूसही. चुकीचे नेमके नाव हे प्रामाणिक मोघम नावापेक्षा घातक असते, कारण ते पुराव्याचा वेष घेऊन येते. जात ठरत नसेल तर ‘ससाणा, जात अनिश्चित’ असे लिहावे. हे लिहिणे आणि सरसकट ‘ससाणा’ म्हणणे यांत फरक आहे: पहिल्यात पाहणाऱ्याने भेद शोधला होता, दुसऱ्यात त्याला भेद असतो हेच माहीत नव्हते.

२६/ मग चांगली नोंद कशी असावी? तारीख, वेळ, गाव आणि शक्य तर शिवाराचे नाव. पक्षी प्रौढ की कोवळा. माथ्याचा रंग, मिशीची रुंदी, छातीवर रेषा की पट्ट्या, मांड्यांचा रंग, पायांचा रंग. काय करत होता आणि कशावर बसला होता. शेवटी जात, आणि ती कोणत्या लक्षणावरून ठरवली हे एका वाक्यात. एवढी नोंद शाळेतील मुलाला करता येते, मेंढपाळाला सांगता येते. ‘कडबनवाडी, माळावरील विजेचा खांब, प्रौढ, बारीक मिशी, गडद मांड्या, लग्गड’ ही ओळ पन्नास वर्षांनी कोणालाही तपासता येईल.

२७/ यासाठी नवी संस्था काढण्याचीही गरज नाही. जैवविविधता अधिनियम, २००२ नुसार गावपातळीवर लोकजैवविविधता नोंदवही ठेवण्याची तरतूद आहेच. बारामती-इंदापूरच्या माळालगतच्या गावांनी त्या वहीत ‘ससाणा’ हा रकाना मोडून पाच ओळी कराव्यात, आणि प्रत्येक ओळ भरताना धनगर, पारधी व शेतकरी यांच्या तोंडची नावे त्यांच्याच उच्चारात, सांगणाऱ्याच्या संमतीने लिहून घ्यावीत. जेथे इंदापूरच्या मातीला नऊ प्रती लावण्याएवढी नजर राज्याने कमावली, तेथे माळावरच्या पाच पक्ष्यांना पाच नावे मिळणे अशक्य नाही. येत्या हिवाळ्यात बहिरी ऑक्टोबरपासून उजनीवर उतरू लागेल. लग्गडाची ओळ त्या वेळी कोरी राहिली, तर तो कोरेपणाही तारखेसह लिहून ठेवावा.